पडणे, धरणे, विसरणे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

शब्दांशी खेळणाऱ्या माणसाला नातेवाईक साधारण दोन कामांसाठी फोन करतात. एक, लग्नपत्रिकेचा मजकूर. आणि दुसरे, कुठल्या तरी अर्जाची भाषा. गेल्या पावसाळ्याच्या तोंडी माझ्या भाचीचा फोन आला तो दुसऱ्या कामासाठी.

"मामू, एक शब्द हवाय," ती म्हणाली.

तिच्या मुलीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. वसतिगृहाच्या अर्जात एक रकाना होता : विद्यार्थिनीस दीर्घकाळचा आजार असल्यास त्याचे नाव. मुलीला तेराव्या वर्षापासून झटके येत. गेली दोन वर्षे गोळ्या वेळेवर चालू असल्याने एकही आलेला नाही. भाचीची अडचण तिने एका दमात सांगितली. "इंग्रजी नाव लिहिलं तर रेक्टरबाई घाबरतील. मराठी लिहिलं तर खोलीतल्या मुली हसतील. उर्दू लिहून तर काही उपयोगच नाही. मग रकाना कोराच ठेवू का?"

मी म्हटले, दोन दिवस दे. खरे तर या शब्दाशी माझी गाठ चाळीस वर्षांहून जुनी आहे.

आमचे घर सातारा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात. अब्बांचे सायकल दुरुस्तीचे दुकान. घरात दखनी, उंबऱ्याबाहेर मराठी. माझी आपा माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. १९७९ च्या उन्हाळ्यात सार्वजनिक नळावर पाण्याच्या रांगेत ती उभी होती आणि उभ्याची आडवी झाली. हंडा गडगडत गटारापर्यंत गेला. तिचे हातपाय ताठ झाले, मग झटके देऊ लागले, तोंडाला फेस आला. रांगेतल्या बायकांत एकच गलका झाला. कुणी चप्पल काढून नाकाशी धरली, कुणी कांदा फोडला, कुणी किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत कोंबला. अम्मी धावत आली. तिने यातले काहीच केले नाही. आपल्या लुगड्याचा पदर सोडून तो आपाच्या पायांवर पसरला, एवढेच. दोन-तीन मिनिटांत सगळे शांत झाले. आपा थोड्या वेळाने उठून बसली आणि पहिले वाक्य बोलली ते असे : "माझा हंडा कुठाय?"

तिला काहीही आठवत नव्हते. रांग आठवत होती, पुढचा नंबर तिचा होता हे आठवत होते. मधले काही मिनिटे कुणीतरी कात्रीने कापून नेल्यासारखी नाहीशी झाली होती. आम्ही सगळ्यांनी ते पाहिले होते; जिच्यावर गुदरले तिनेच फक्त पाहिले नव्हते.

चपलेबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. असा झटका बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. त्यामुळे थांबण्यापूर्वी शेवटी जे केले असेल त्याला श्रेय मिळते. त्या दिवशी ते चपलेला मिळाले, आणि पुढे कैक वर्षे आमच्या गल्लीत ती चप्पल कुणाची होती याची चर्चा चालली.

आता शब्दांकडे येतो. घरात आम्ही म्हणायचो, आपाकू दौरा पड्या. शेजारचा माझा मित्र चकित व्हायचा. त्याच्या मराठीत दौरा फक्त कलेक्टरांचा नाहीतर मंत्र्यांचा. दोन्ही दौरे एकाच अरबी शब्दातून आले आहेत. 'दौर' म्हणजे फेरा, चक्कर, पाळी. फिरून फिरून येतो तो दौरा. मंत्री निवडणुकीच्या आधी येतात, हा पाहुणा न सांगता येतो, एवढाच फरक.

गल्लीतला शब्द होता फेफरे. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशातही तो आहे, म्हणजे निदान दीडशे-पावणेदोनशे वर्षे छापील. उच्चारतानाच ओठांशी फेस आल्यासारखा वाटणारा हा शब्द आम्ही आजारापेक्षा शिवी म्हणूनच जास्त वापरतो. "फेफरं भरलंय का तुला?" असे आपण कामात गोंधळ करणाऱ्याला सहज म्हणतो, ऐकणाऱ्यांत कुणाच्या घरी खरोखरच हा आजार असेल हे आपल्या ध्यानातही येत नाही. लहान मुलांच्या बाबतीत आकडी म्हणतात. तापात मूल आकड्यासारखे वाकडे होते, ताठते, म्हणून आकडी. हा शब्द नेमका आहे, आणि बायकांच्या बोलण्यातला असल्यामुळे त्यात दोष देणे नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना नुसत्या तापाने येणारी आकडी म्हणजे पुढे हा आजार होणारच असे नव्हे, हे डॉक्टर सांगतात. आयांनाही ते अनुभवाने ठाऊक असते.

मिरगी मात्र सगळ्यांचा सामाईक शब्द. हिंदी, उर्दू, मराठी, तिघींचा. वामन शिवराम आपटे यांच्या संस्कृत कोशात 'मृगी' या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी दिले आहेत : हरिणी, आणि हा आजार. कोशकार मिरगी तिथून आली असे मानतात. पण उर्दू लिपीत मिरगी लिहून पाहा. मीम, रे, गाफ, ये. पहिली तीन अक्षरे 'मर्ग' या फारसी शब्दाचीच, आणि मर्ग म्हणजे मृत्यू. माझी दादी थोडेफार उर्दू वाचायची. हकिमाच्या चिठ्ठीवर तिने तो शब्द वाचला तेव्हा तिला हरिणी दिसली नाही. तिने चिठ्ठी घडी करून कुराणाच्या रेहलखाली ठेवली आणि दोन दिवस जेवली नाही. व्युत्पत्ती चुकीची होती, पण उपास खराच होता.

गोड शब्द एकच, तोही परका : फिट. फिट येणे. तो इतका मराठी झाला आहे की 'तब्येत फिट आहे' आणि 'फिट आली' ही दोन्ही वाक्ये आपण एकाच तोंडाने बोलतो आणि अडखळत नाही. जुन्या इंग्रजीत याच उच्चाराचा आणखी एक शब्द होता, त्याचा अर्थ काव्याचा एक खंड, सर्ग. हे मी एका शब्दकोशात वाचले तेव्हा हसलो. पुढे कळले की हा योगायोग या आजाराच्या नावांचा पाठलागच करतो.

डॉक्टरांचा शब्द आमच्या घरी आला तो १९८१ साली, एका चिठ्ठीवर, वळणदार रोमन अक्षरांत : एपिलेप्सी. अब्बांनी मला वाचायला सांगितले. मी आठवी पास. मला ते एखाद्या परीचे नाव वाटले.

हा शब्द ग्रीक. 'एपी' म्हणजे वर, 'लाम्बानेइन' म्हणजे घेणे, पकडणे. वरून येऊन पकडणे, झडप घालणे. त्यातून 'एपिलेप्सिया', पुढे लॅटिनमार्गे युरोपच्या भाषांत. पकडणारा कोण, हे शब्द सांगत नाही. पण ग्रीक माणसाला सांगायची गरजच नव्हती : देव. त्यांच्याकडे या आजाराचे दुसरे नावच मुळी 'पवित्र रोग' असे होते. रुग्ण बकरीसारखा आवाज काढू लागला तर अमुक देवी, घोड्यासारखा ओरडला तर तमुक देव, अशी वाटणी मांत्रिकांनी लावून दिलेली होती. आंघोळ बंद, काही मांस-मासे बंद, बकऱ्याच्या कातड्यावर निजायचे नाही. आमच्या गावातली पथ्ये वेगळी होती, पण मांडणी हीच.

आणि याच ग्रीकांत, इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास, हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहात एक छोटा प्रबंध लिहिला गेला. त्याचे म्हणणे एवढेच की हा रोग इतर रोगांपेक्षा काडीनेही अधिक पवित्र नाही. ज्यांना उपाय ठाऊक नव्हता त्यांनी आपले अज्ञान देवाच्या पदराआड लपवले. रोगाचे मूळ मेंदूत आहे. हा लेखक मोठा रोखठोक दिसतो. हा आजार बकऱ्यांनाही होतो, त्यांचे डोके फोडून पाहा, मेंदू पाण्याने भरलेला आणि दुर्गंधीयुक्त सापडेल. मग तिथे देव कुठे आला, असे तो विचारतो. त्याने पुढे दिलेली कारणमीमांसा, मेंदूतला कफ शिरांत उतरून हवा अडवतो वगैरे, आज कुणी मानत नाही. पण बोट बरोबर जागी ठेवले होते. गंमत अशी की जो देवाला बाजूला सारतो त्याच्याही शास्त्राला नाव मात्र 'झडप' हेच चिकटले.

रोमन लोकांचे आणखी वेगळे. त्यांच्या नागरिकसभेत कुणाला झटका आला तर तो अपशकुन समजून सभाच बरखास्त करीत. म्हणून लॅटिनमध्ये याचे एक नाव 'सभेचा रोग'. ज्युलियस सीझरला हा आजार होता असे प्लुटार्क आणि सुएटोनिअस या दोघांनी लिहून ठेवले आहे. सभा बरखास्त करणाऱ्या रोगाच्या माणसाने रोमचे प्रजासत्ताकच बरखास्त करत आणावे, यावर रोमन विनोदवीरांनी काही केले असेल तर ते माझ्या वाचनात नाही.

त्याही आधी बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, या आजाराची लक्षणे बारकाईने नोंदलेली आहेत. तिथला एक शब्द 'मिक्तु', म्हणजे पडणे. इंग्रजीतही जुने नाव 'पडण्याचा आजार' असेच.

पडणे, धरणे. जगभर फिरून या दोनच क्रियापदांत ही नावे घोटाळतात. आपल्याकडे धरण्याला शब्द आहे 'ग्रह'. ग्रह म्हणजे आकाशातले गोळे नंतर. मूळ अर्थ पकडणारा. ग्रहण, आग्रह, विग्रह ही सगळी त्याचीच पोरे. सुश्रुतसंहितेत मुलांना धरणारे नऊ बालग्रह सांगितले आहेत आणि त्यातल्या एकाचे नाव स्कंदापस्मार. युनानी हकिमांकडे मुलांच्या आकडीला 'उम्मुस्सिब्यान' म्हणतात, म्हणजे लेकरांची आई; तीही मुळात धरणारीच. आमच्या गल्लीत अर्ध्या घरांत एक नाव चालायचे, अर्ध्या घरांत दुसरे. मूल मात्र सारखेच वाकायचे.

पण संस्कृत वैद्यकाने मोठ्या माणसाच्या आजाराला नाव दिले ते पडण्यावरूनही नाही आणि धरण्यावरूनही नाही. अपस्मार. अप म्हणजे दूर, निघून गेलेले. स्मार म्हणजे स्मरण. स्मरणाचे निघून जाणे. स्मृती, विस्मरण आणि स्मारक यांचा हा सख्खा भाऊ. (स्मारके बांधायला आपण एवढे तत्पर, आणि या भावाची साधी चौकशी करत नाही.) चरकसंहितेत निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात, दोन्हीकडे त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. स्मृती, बुद्धी आणि सत्त्व यांची दाणादाण झाल्यामुळे अधूनमधून होणारा अंधारातला प्रवेश, असे काहीसे चरकाचे वर्णन आहे. अधूनमधून, हा त्यातला कळीचा शब्द. माणूस वेडा नाही. मधल्या काळात तो तुमच्या-माझ्यासारखाच आहे, हे त्यात आले. झटक्यापूर्वीची चिन्हेही त्याने दिली आहेत : भुवया उडणे, डोळे विचित्र होणे, नसलेले आवाज ऐकू येणे.

हा शब्द मी वैद्यकाच्या पुस्तकात प्रथम वाचला नाही. मी बी.ए.ला मराठी घेतले होते. साहित्यशास्त्राच्या तासाला भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातले तेहतीस व्यभिचारी भाव पाठ करावे लागत. निर्वेद, ग्लानी, शंका असे करत आमचे सर आगगाडीसारखे पुढे चालले होते. अपस्माराशी ते थांबले नाहीत, मीच थांबलो. भरताने नटाला तो कसा दाखवायचा हे सांगितले आहे : कंप, धावणे, पडणे, घाम, तोंडाला फेस, जिभेने ओठ चाटणे. नळावरची दुपार कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी उभी राहून टिपून घेतली होती. त्याच यादीत 'स्मृती' हाही भाव आहे. आठवणे आणि आठवण तुटणे, दोन्ही एकाच यादीत. त्या दिवशी मी पुढचे भाव पाठ केले नाहीत आणि परीक्षेत त्याचेच गुण गेले.

एक तक्रार मात्र आहे. नटराजाच्या मूर्तीत पायाखाली जो बुटका दाबलेला असतो त्याचे नाव अपस्मार. तमिळमध्ये त्याला मुयलगन म्हणतात. तिथे तो अज्ञानाचे, विस्मृतीचे प्रतीक, हे मला मान्य. मूर्ती अप्रतिमच. पण आजाराचे आणि पायाखालच्याचे नाव एकच असले की बघणारा कधी आजाऱ्यालाच पायाखालचा समजू लागतो, कळत नाही.

आता अरबीकडे. इब्न सिनाने अकराव्या शतकात 'अल्-कानून' हा वैद्यकाचा महाग्रंथ लिहिला. त्यात आणि अरबी-युनानी परंपरेत सर्वत्र या आजाराला 'सरअ' म्हणतात. स्वाद, रे, ऐन, हे मूळ. अर्थ : आडवे पाडणे, चीत करणे. कुस्तीला अरबीत 'मुसारआ' म्हणतात, ते याच मुळातून. आणि याच मुळातून आलेला तिसरा शब्द माझ्या रोजच्या वापरातला आहे : मिसरा. गझलेच्या शेरातली एक ओळ.

हे मला कळले तेव्हा मी पस्तिशीत होतो आणि निम्मे आयुष्य मिसरे जुळवण्यात गेले होते. मिसरा म्हणजे मुळात दोन कवाडांच्या दारातले एक कवाड. अरबी काव्यशास्त्राने आपली परिभाषा तंबूवरून उचलली : बैत म्हणजे घर, आणि बैत म्हणजेच दोन ओळींचे पूर्ण पद, त्याची दोन कवाडे ते दोन मिसरे. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक होते, फार्शी-मराठी कोश त्यांनी १९२५ मध्ये केला, आणि गझल मराठीत रुजवायची खटपटही त्यांचीच. त्या वाटेने हा शब्द आपल्याकडे आला आणि आता सुरेश भटांच्या मागून येणारी खेड्यापाड्यातली पोरे तो घरचा असल्यासारखा वापरतात. ग्रीकमध्येही असेच निघाले. ज्या 'लाम्बानेइन'पासून एपिलेप्सी, त्यापासूनच इंग्रजीतला 'सिलॅबल', एकत्र धरलेला उच्चार, ज्याची मोजदाद करत छंद चालतो. मी याला योगायोग मानतो. कवी आणि झटका यांचे काही गूढ नाते आहे असे म्हणणारे लोक असतात, दस्तयेव्हस्कीचे नाव घेतात. दस्तयेव्हस्कीला हा आजार होता आणि 'इडियट' कादंबरीच्या नायकालाही त्याने तो दिला, हे खरे. पण आपाने आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. ती ब्लाउज शिवते.

सरअचा उल्लेख बुखारीच्या हदीससंग्रहातही आहे. एक काळी स्त्री प्रेषितांकडे येते. मला झटका येतो आणि मी उघडी पडते, माझ्यासाठी प्रार्थना करा, अशी तिची विनंती. प्रेषित तिला दोन पर्याय देतात. सहन केलेस तर स्वर्ग. हवे असेल तर बरे होण्यासाठी प्रार्थना करतो. ती म्हणते, सहन करीन, फक्त मी उघडी पडू नये एवढी प्रार्थना करा. ती त्यांनी केली. आमच्या लहानपणी मौलवीसाहेब ही हकीकत सब्राचे, म्हणजे धीराचे उदाहरण म्हणून सांगत. मला ती ऐकताना प्रत्येक वेळी नळ दिसतो आणि अम्मीचा पदर दिसतो. त्या बाईला आजाराची भीती कमी होती, लोकांच्या नजरेची जास्त. म्हणून औषध न घेता सहन करत बसावे असा अर्थ मी त्यातून काढत नाही. त्या काळी घ्यायला औषधच नव्हते.

औषध आले ते फार उशिरा. १८७३ मध्ये जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टरने मांडले की झटका म्हणजे मेंदूच्या करड्या भागातून अचानक, अति प्रमाणात होणारा विसर्ग. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी सूक्ष्म विजेच्या भाषेत बोलतात. एखाद्या भागातल्या पेशी एकाच वेळी, एकाच तालात ओरडू लागल्या की झटका. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतली ही वीज प्रथम कागदावर उतरवली आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. फिनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे आणि नीट निदान, नीट औषध मिळाले तर त्यातले सत्तर टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. कारणे पुष्कळ : जन्मावेळची इजा, डोक्याला मार, काही आनुवंशिक, आणि आपल्या देशात पट्टकृमीच्या अंड्यांतून मेंदूत होणाऱ्या गाठी, ज्या न धुतलेल्या कच्च्या भाजीतून शाकाहारी माणसालाही होऊ शकतात. एकच झटका म्हणजे हा आजार नव्हे, हेही लक्षात ठेवावे. सगळ्या झटक्यांत माणूस पडतोच असे नाही. कुणी क्षणभर शून्यात पाहतो, कुणाचा एक हातच उडतो आणि शुद्ध शाबूत असते, आठवणही राहते. म्हणजे अपस्मार हा शब्दसुद्धा सगळ्यांना पुरत नाही.

आपाला पुरला. आणि तिच्या बाबतीत शब्द न उच्चारण्याचा परिणाम मी पाहिला आहे. १९८४ मध्ये तिचे लग्न ठरले. आम्ही मुलाकडच्यांना काही सांगितले नाही. गोळ्यांची बाटली लेबल खरवडून तिच्या पेटीत साड्यांखाली ठेवली. ती बाटली काढायची भीती, म्हणून गोळ्या चुकल्या. गोळ्या चुकल्या म्हणून नवव्या दिवशी झटका आला. तिसऱ्या आठवड्यात ती पेटीसकट परत आली. मध्यस्थ अब्बांना दुकानासमोर उभे राहून म्हणाला, "फेफऱ्याची पोरगी गळ्यात मारलीत." अब्बा सायकलच्या चाकाचा आऊट काढत होते, त्यांनी मान वर केली नाही. दोष त्यांचा नव्हता असे मी म्हणणार नाही. लपवले ते आम्ही. पण सांगितले असते तर लग्नच झाले नसते, हेही गावात प्रत्येकाला माहीत होते.

कायदाही तेव्हा गावासारखाच बोलायचा. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनंतर विवाहाला अपात्र ठरवणाऱ्या गोष्टींत वेडाच्या जोडीला एपिलेप्सी बसवलेली होती. ती तिथून काढायला १९९९ साल उजाडले. आमच्या निकाहाला तो कायदा लागू नव्हता. पण मध्यस्थाने कुठे कलम वाचले होते?

काही देशांनी नावच बदलून पाहिले. मलेशियात या आजाराचे जुने नाव अक्षरशः 'डुकराचे वेड' असे होते. ते सोडून 'एपिलेप्सी' घेतले. कोरियात जुना शब्द टाकून मेंदूच्या विजेशी संबंध सांगणारे नवे नाव केले. हाँगकाँगनेही २०१० मध्ये वेडाचे अक्षर गाळून मेंदूचे अक्षर घातले. मराठीत तशी गरज नाही असे माझे मत. अपस्मार हा सभ्य, अर्थपूर्ण, आजाऱ्याच्या बाजूने पाहणारा शब्द आपल्याकडे आहे. पडणे आणि धरणे हे भोवती उभ्या असलेल्यांना दिसते; विसरणे फक्त त्याचे असते. बदलायची असलीच तर 'मिरगीवाली', 'फेफऱ्याची' ही षष्ठी बदलावी. मधुमेहाची पोरगी असे कुणी म्हणत नाही.

हे सगळे मी दोन दिवसांनी भाचीला फोनवर सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "ते ठीक आहे मामू, पण लिहू काय?"

मी आपाला विचारले. आपा आता साठी ओलांडलेली, त्याच घरात राहते. १९८८ नंतर तिला झटका आलेला नाही. गावातल्या निम्म्या नवऱ्यामुलींचे ब्लाउज तिच्या मशीनवर शिवले गेलेत. तिने सुईत दोरा ओवता ओवता सांगितले, "लिव म्हनावं. बाटली पेटीत लपवायची न्हाई."

शेवटी त्या रकान्यात लिहिले गेले : एपिलेप्सी (अपस्मार), औषध चालू, दोन वर्षांत झटका नाही. रकाना संपला तेव्हा मुलीने पाठीमागे कोऱ्या जागेत स्वतःच्या अक्षरात आणखी लिहिले. तिने मला त्याचा फोटो पाठवला, तो जसाच्या तसा वाचून दाखवतो.

'मला झटका आला तर आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला कराव्यात. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालू नये. कांदा-चप्पल नको. झटके थांबले की मला कुशीवर वळवावे. घड्याळ बघावे, पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले किंवा लागोपाठ दुसरा आला तर दवाखान्यात न्यावे. अंगावरची ओढणी नीट करावी. मी उठल्यावर, मधल्या वेळात काय झाले ते मला सांगावे.'